बेचाळीसची छाती

त्या दोघांना नावं ठेवली ती दुकानाच्या मालकाने. जो सपासप कापायचा आणि तसाच बोलायचा, तो कात्री. जो मशीनवर मान खाली घालून बसायचा आणि चार शब्द बोलला तरी ‘आज काय झालं बुवा?’ असं सगळ्यांना वाटायचं, तो अस्तर. पुढे मालक गेला, शिवणकामाचं ते दुकान गेलं, नावं मात्र चिकटली ती चिकटलीच. अस्तरची सून त्याला बाबा म्हणते, शेजारी काका म्हणतात, पण आपलं खरं नाव कुठलं असं त्याला कुणी विचारलं, तर तो क्षणभर अडखळेल.

आता तो मुलाच्या घरी गॅलरीत मशीन टाकून बसतो. तयार कपड्यांच्या या जमान्यात शिंप्याला काम ते काय? याची पँट आखूड कर, त्याची चेन बदल. ज्या हातांनी लग्नाचे सूट उभे केले, त्यांना आता दुसऱ्यांच्या शिवणी उसवायच्या. अस्तर कुरकुरत नाही, पण रात्री जेवताना त्याचा घास तोंडातच घोळत राहतो, हे सुनेनेही पाहिलंय.

कात्रीला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. अस्तरने ट्रंकेतून राखाडी लोकरीचं कापड काढलं. स्वतःसाठी जपून ठेवलेलं होतं ते. कात्रीला कोट शिवायचा, अगदी मालकाच्या पद्धतीचा. आयुष्यभर कापणारा कात्री आणि शिवणारा हा, त्यामुळे कापडाला पहिला काप देण्याआधी तो दोनदा चहा पिऊन आला. मापाची मात्र त्याला चिंता नव्हती. बेचाळीस छातीचा कोट असला की दुकानात ट्रायल व्हायची ती कात्रीच्या अंगावर. ते अंग अस्तरला स्वतःच्या अंगाहून जास्त पाठ होतं. शिवाय शिवणीच्या आत त्याने दोन्हीकडे बोटभर जादा कापड सोडलं. मालक म्हणायचा, “माणूस वाढतो, कापड वाढत नाही. आत ठेवायला विसरू नका.”

“एवढ्या थंडीत कशाला जाताय बाबा? फोन करा की,” सून म्हणाली.

“उद्या संध्याकाळी परत येतो,” अस्तर म्हणाला आणि पहाटेची बस धरली. खिडकीची काच बंद होत नव्हती. बाहेर धुकं, आत खोकणारी माणसं. कोटाची पिशवी त्याने मांडीवर धरली होती, तेवढीच ऊब. पाच-सहा वर्षांत दोघांची गाठ नव्हती, बोलणं सगळं फोनवर. आवाज तोच होता, तसाच खणखणीत, आणि आवाजावरून माणसाचं वजन कळत नाही.

दार कात्रीच्या बायकोने उघडलं आणि त्याला आत न घेता स्वतःच बाहेर आली.

“भावजी, आधी ऐका. डॉक्टरांनी हात टेकलेत. थंडी निघाली तरी पुष्कळ, म्हणालेत. यांना यातलं काही माहीत नाही. पोटाचा साधा विकार सांगितलाय. तुम्ही तेवढा चेहरा सांभाळा.”

“मला फोनवर का नाही सांगितलंत, वहिनी?”

“सांगितलं असतं तर तुम्ही फोनवरच रडला असतात.”

हे खरंच होतं. चपला काढायला अस्तरने नको तेवढा वेळ लावला.

आत कात्रीचा जावई खुर्च्या मांडत होता, चांगला भरदार, दारात उभा राहिला तर उजेड अडेल असा. आणि खिडकीशी, शालीत, कात्री बसला होता. नाक तेच, डोळे तेच, बाकीचा माणूस कुणी तरी काढून नेला होता.

“आलास? दाखव काय आणलंयस ते,” कात्री म्हणाला. “पिशवी अशी धरलीयस, जसं काही तान्हं पोर.”

कोट अंगावर चढला आणि खांदे घसरून दंडावर आले. बाह्यांतून बोटंसुद्धा दिसेनात. वहिनीने अस्तरकडे नुसतं पाहिलं, पण ते पाहणं म्हणजे पाया पडणंच होतं.

“माझंच चुकलं,” अस्तर म्हणाला. “हात राहिला नाही आता. फारच मोठा कापला गेला.”

पन्नास वर्षांत शिवलेल्या कपड्याबद्दल हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. आज निघालं, तेही धादांत खोटं. त्याला स्वतःची शरम वाटली आणि स्वतःचा रागही आला.

“मग माप घे,” कात्री म्हणाला. “मी लिहितो. रीतसर.”

रीत अशी होती की एकाने टेप धरून आकडा मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने तो मोठ्यानेच परत म्हणायचा आणि मग लिहायचा. नुसतं लिहिलं तर मालक कान पिळायचा. अस्तरने कोट उतरवला, टेप छातीभोवती फिरवली. बनियनखाली फासळ्या हाताला लागत होत्या. टेप चौतीसवर मिटली. वहिनी दारातच उभी होती.

“छाती, बेचाळीस,” अस्तर म्हणाला.

कात्रीने वर पाहिलं. मग पेन्सिल टेकवली. “बेचाळीस.”

“बघा, काही उतरला नाहीत, मी म्हणत नव्हते?” वहिनी म्हणाली, डोळ्यांना पदर लावला आणि जावयाला घेऊन केक आणायला बाहेर पडली.

दार लागेपर्यंत कात्री थांबला. “आता खरं सांग.”

अस्तर टेप गुंडाळू लागला.

“अरे, टेप मीपण जन्मभर धरलीय. तुझी बोटं कुठे येऊन भेटली ते मला कळत नाही होय? मालक असता तर दोघांचेही कान उपटले असते. बोल.”

“चौतीस.”

“चौतीस,” कात्री म्हणाला, आणि आधीचा आकडा खोडून त्याने तो लिहिला. “बरं वाटलं रे. या घरात सगळे माझ्याशी गोड बोलतात, कंटाळा आला. तिला मात्र सांगू नकोस. मला काही माहीत नाही, एवढाच तिला आधार आहे.”

अस्तरला रडू फुटलं, जसं वहिनीने ओळखलं होतं तसंच. कात्रीने त्याला रडू दिलं. मग कोट मांडीवर ओढून शिवणीतून बोटं फिरवली आणि आतल्या जादा कापडाशी थांबला.

“माणूस वाढतो म्हणून ठेवलंस? जित्याची खोड...” म्हण त्याने अर्धीच सोडली. “घे, दोन्हीकडून आत घे, खांदे-बाह्याही. संध्याकाळी लोक येतील, त्यांच्यापुढे अंगाबरोबर दिसला पाहिजे.”

अस्तर खिडकीशी सुई-दोरा घेऊन बसला. डोळे पुसत बारीक, घट्ट टाके घालू लागला, जन्मभर घालत आला तसे.

“हे काय करतोयस?”

“शिवतोय.”

“कापड कापू नकोस, सगळं आत दुमड. आणि टाके मोठे घाल, कच्चे. मीठ-भाकरीचा संसार केला मी, चांगला कपडा वाया गेलेला मला चालत नाही. जावयाची छाती बेचाळीसच आहे. त्याला उसवायला सोपं पडलं पाहिजे.”

अस्तरने घातलेले टाके एकेक करून काढले, नवा दोरा ओवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

संध्याकाळी माणसं आली. केक कापला गेला. ‘कोट काय बसलाय!’ असं जो तो म्हणाला, आणि जावयाने तर कापड चिमटीत धरून कुठे मिळालं ते विचारलं. कात्रीने कोटाच्या आत हात घालून त्या ढिल्या शिवणीवरून एकदा अंगठा फिरवला.

“छान झालीय,” तो अस्तरला म्हणाला.

इतकी वाईट शिवण अस्तरने आयुष्यात कधी घातली नव्हती.