संस्थान गेलं, आमचं काय?

हाताला काम नसलं की माणसाच्या तोंडाला काम मिळतं. संस्थान मुंबई इलाख्यात विलीन होणार, हे ठरलं आणि आमच्या कचेरीतली कामं ठप्प झाली. कोण राहणार, कोण घरी जाणार, कुणालाच ठाऊक नाही! त्या दिवसांतले किस्से इतके साठलेत की एक सांगायला जावं, तर दुसरा मध्ये घुसतो.

मी तिथं कारकून. नवंच लग्न झालेलं. संध्याकाळी घरी गेलो की बायको आधी विचारायची, "काय कळलं का?"

मी म्हणायचो, "कुणालाच काही माहीत नाही."

एके दिवशी ती वैतागून म्हणाली, "मग दिवसभर कचेरीत करता तरी काय?"

सांगलीला तिच्या भावाचं हळदीचं दुकान होतं, तिथं हिशेबाला माणूस हवा होता. पुढचे दोन दिवस आमच्या घरी फक्त हळदीचाच विषय!

*

वाड्याच्या देवडीवर तासाचे टोल द्यायला दगडू होता. घरी जाण्यात पहिला नंबर त्याचाच, असं सगळे धरून चालले होते. मी हळूच विचारलं, "दगडू, काळजी वाटत नाही?"

"कसली वो? राजं असू द्यात, न्हाईतर कलेक्टर. बारा वाजायचं चुकतंय व्हय कुणाचं?"

*

संस्थानचे ज्योतिषी शास्त्रीबुवा. त्यांच्या ओसरीवर त्या काळात आम्हा नोकरांची ही गर्दी! मीही पत्रिका घेऊन गेलो. बुवांनी ती बराच वेळ पाहिली, "योग उत्तम आहे" म्हणाले आणि मला हाताला धरून आत नेलं.

"तुम्ही इंग्रजी पेपर वाचता ना?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ज्योतिष्यांना ठेवणार का, असं काही छापून आलंय?"

*

संस्थानचा ताबा घ्यायला साताऱ्याहून सरकारचे नवे साहेब यायचे होते. त्यांच्या स्वागताला बँड हवा! बँडमास्तर हुसेनभाईंनी आयुष्यभर वाजवली ती महाराजांची सलामी. साहेब मोटारीतून उतरले आणि सवयीनं तीच सुरू झाली. साहेब ताठ उभे. त्यांच्या मागं महाराज, तेही ताठ उभे!

नंतर मी विचारलं, "हुसेनभाई, सलामी नक्की कुणाला होती?"

घाम पुसत म्हणाले, "जो नोकरीत ठेवंल त्येला!"

*

मग साहेबांनी एकेकाला आत बोलवायला सुरुवात केली. मी टिपणं घ्यायला शेजारी बसलो होतो. माझं स्वतःचं अजून ठरायचं होतं.

रामू माहूत आत आला. हत्तीण सांभाळायचं काम बापापासून त्याच्याकडे. साहेब माणूस वाईट नव्हता. खाली मान घालूनच म्हणाले, "हे बघा, सरकारला हत्तीचं काही काम नाही. तिला दुसरीकडे पाठवू. तुमची जागा रद्द होईल."

रामूनं पागोटं काढून हात जोडले.

"मी जातो, साहेब. माझं काय न्हाई. पर तिला तेवढं तुमीच सांगा. माझ्यानं न्हाई सांगवायचं."

आता साहेब ओरडणार, असं मला वाटलं. ते उठले. टोपी टेबलावरच राहिली. ते अंगणात गेले आणि तिथं बांधलेल्या हत्तिणीसमोर जाऊन उभे राहिले. आम्ही खिडकीतून बघत होतो. तिनं सोंड उचलून त्यांच्या खांद्यावर ठेवली. साहेब काहीतरी बोलत होते. काय, ते ऐकू आलं नाही.

आत आले, खुर्चीत बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढचा माणूस उद्या बोलवा."