शेंदराची झिलई

धाकट्या बहिणीने, शालूने, आज जुनी बरणी झिलई करायला परत आणली. झाकण काढताच कोकमाच्या आगळाचा आंबट वास आला. आतली झिलई खरखरीत झाली होती, जागोजागी खाल्ली गेली होती.

तारकर्लीतल्या आमच्या भट्टीत तेव्हा झिलईला टाचणीएवढी भोकं पडायची. म्हणून एकदा मी तिच्यात शेंदूर मिसळला आणि ही बरणी काचेसारखी गुळगुळीत निघाली. शालू गरोदर होती, तिला रोज सोलकढी लागायची. बरणी पोटाशी धरून ती म्हणाली, "दादा, ही माका व्हयी. आगळ हेच्यातच भरतलंय." मी कौतुकाने हसलो.

शेंदरात शिसं असतं, आंबटाने ते सुटतं आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूला बाधतं, हे मी फार उशिरा वाचलं. तिला अजून सांगितलेलं नाही.

बाहेर शालू मुलाच्या अंगातल्या शर्टाची बटणं लावतेय. तो वीस वर्षांचा आहे.

"दादा, पयल्यासारखीच झिलई कर," ती तिथूनच म्हणाली.