चित्रातली जोडवी

आटपाडीत ब्लाउज शिवून घराला हातभार लावणाऱ्या अंजनाची सुपारी दहिवडीच्या वीरधवलशी फुटली होती. ठरलेलं लग्न मोडायला आलं ते एका चित्रापायी.

दिवाळीत ती सांगलीला मनुआत्याकडं गेली होती. शेजारचे म्हातारे चित्रकार नानासो म्हणाले, "पोरी, नऊवारी नेसून आठ दिस बस. दिसंल तसंच काढीन." लुगडं आत्याचं, नथ आत्याची. पाय बोडके दिसाय लागले म्हणून आत्यानं पेटीतली जुनी जोडवीही तिच्या बोटांत सारली.

"आत्या, लग्नाआदी जोडवी?"

"आगं, चित्रापुरती!"

नानासो पदरचं काही घालणारा माणूस नव्हे. सुईनं टोचलेलं तिचं बोटसुद्धा त्यांनी टोचलेलंच काढलं. तैलरंगातली जोडवी तर हात लावून बघावीत अशी उतरली.

चित्र प्रदर्शनात लागलं, तिथं कुणीतरी त्याचा फोटो काढला. मोबाईलवरनं फिरत फिरत तो दहिवडीला पोचला. वीरधवल पलटणीत, फोन आला त्याच्या आईचा, राजेश्वरीबाईंचा. "पोरगी आदीच कुठं नांदून आलीया व्हय?"

चेहरा राहिला बाजूला, बायांची नजर थेट पायावर!

अंजना पेटली. यष्टी धरून तिनं सांगली गाठली. "नानासो, जोडवी पुसा."

"बसलीस तवा बोटात हुती की गं."

"बोटात हुती, कपाळात न्हवती! पुसा."

म्हाताऱ्यानं नाइलाजानं ब्रश उचलला आणि लुगड्याचा काठ खाली ओढून बोटं झाकली.

नवा फोटो घेऊन ती बापाबरोबर, नाथाजीबरोबर, दहिवडीला गेली. राजेश्वरीबाईंनी दोन्ही फोटो शेजारी धरले.

"तवा जोडवी हुती, आता न्हाईत. म्हंजे काडीमोड बी झाला म्हना की!"

सोप्यातल्या बाया फिदीफिदी हसल्या.

"आवं, त्यास्नी तरी इचारा," अंजना म्हणाली. फोन लागला. सगळं ऐकून वीरधवल एवढंच बोलला, "आई म्हनंल तसं."

सरहद्दीवर छाती काढून उभा राहणारा गडी! आईपुढं शब्द फुटेना.

नाथाजी टोपी काढून बाईंच्या पायावर ठेवायला वाकला. अंजनानं ती मधेच हिसकली, झटकली आणि बापाच्या डोक्यावर बसवली. "चला आप्पा. यष्टी चुकंल."

त्या वर्षीची लगीनसराई सरली. अंजनानं गावातल्या नवरीमुलींच्या करवल्यांची ब्लाउजं शिवली. तिला बघायला मात्र एक पाहुणा दारात आला नाही.