चादरवाल्या दादांचा कोर्स

दादा एका मोठ्या धुलाई कारखान्यात व्यवस्थापक होते. चार इस्पितळांच्या चादरी तिथे यायच्या, धुऊन, वाफेच्या रुळाखालून इस्त्री होऊन परत जायच्या. गठ्ठा नुसता उचलून दादा म्हणायचे, "यात दोन कमी आहेत," आणि मोजल्यावर दोनच कमी निघायच्या. कॉम्प्युटरशी मात्र त्यांची जेमतेम तोंडओळख होती. चालू करता यायचा. बंद करायची वेळ आली की ते कुणाला तरी हाक मारायचे.

अशात कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आणायचं ठरलं. प्रत्येक चादरीच्या काठात चिप शिवायची, म्हणजे कुठली चादर कुठे आहे ते पडद्यावर दिसेल. ते बनवणाऱ्या मंडळींशी दादांसकट कारखान्याच्या पाचही व्यवस्थापकांना बोलावं लागणार होतं. त्यांना आधी एखादा सोपा कोर्स द्यावा असं मोठ्या साहेबांच्या मनात आलं आणि तो निवडायचं काम त्यांनी दादांच्या गळ्यात घातलं.

"साहेब, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच! तुम्हाला जो समजेल तो कुणालाही समजेल."

हा गौरव की पाणउतारा, हे दादांना जेवणाच्या सुट्टीपर्यंत ठरवता आलं नाही. पण काम अंगावर आलं की ते चोख करायचं, एवढं त्यांना माहीत होतं. ते तीन ठिकाणी नमुन्याच्या तासाला जाऊन बसले.

पहिल्या ठिकाणी तीन दिवसांत स्वतःचं ॲप बनवायला शिकवणार होते. वीस मिनिटांच्या खटपटीनंतर दादांच्या पडद्यावरचं एक बटण निळं झालं आणि सरांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. बटण दाबल्यावर काय होतं, असं दादांनी विचारलं. अजून काहीच होत नव्हतं.

दुसरं ठिकाण म्हणजे गारेगार सभागृह. भिंतीवर बाण, चौकोन आणि एक भला मोठा ढग. सगळे गंभीरपणे माना डोलावत होते. दादांनी शेजारच्या गृहस्थांच्या कानात विचारलं, "तो ढग कसला?"

"कुणास ठाऊक. मी तिसऱ्यांदा येतोय."

तिसरा वर्ग चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत होता. निवृत्त प्रोग्रामर असलेल्या एक बाई तो चालवायच्या. त्यांनी आधी दादांनाच विचारलं, "तुमच्याकडे काम कसं चालतं?" आणि पाऊण तास चादरींची कथा ऐकली. मग कागदावर तीन चौकोन काढले.

"आत काय जातं, तिथे काय साठतं, बाहेर काय येतं. जे आत गेलंच नाही, ते सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं. बनवणाऱ्यांना एवढंच विचारत राहा."

"आणि ते अवघड शब्द?"

"अर्थ विचारायचा. लाज वाटली तर दोनदा विचारायचा."

दादांनी एका पानात लिहून दिलं: तिसरा. साहेबांनी ते वाचलं. "इथे प्रमाणपत्र देतात का?"

"नाही. वही देतात."

"असं आहे दादा, ढगवाल्यांकडे आपली नावं मागच्याच आठवड्यात दिलीत. पण तुमचा अहवाल उत्तम झालाय. फाइलला लावू."

पाचही जण तीन दिवस गार हवेत बसून सोनेरी काठाची प्रमाणपत्रं घेऊन आले. मग दादांनी उरलेल्या चौघांना चार रविवार बाईंकडे नेलं. बायको म्हणाली, "अहो, लहानपणी तुम्हाला शाळेत ओढत न्यावं लागायचं म्हणे. आता सुट्टीच्या दिवशी स्वतःहून?"

सॉफ्टवेअर दाखवायचा दिवस आला. पडद्यावर चादरी शिस्तीत फिरत होत्या. साहेब खूश. दादांनी हात वर केला.

"फाटलेली चादर कुठे जाते?"

"म्हणजे?" बनवणारी मुलगी गोंधळली.

"आम्ही तिची फडकी करतो. काठातली चिप त्या फडक्याबरोबर वॉर्डाची लादी पुसत फिरणार आणि तुमच्या पडद्यावर ती चादरच राहणार. वॉर्डात चाळीस दिसतील, असतील पंचवीस. पेशंटला निजवायचं कशावर?"

मुलीने वही उघडली आणि म्हणाली, "दादा, पहिल्यापासून सांगा." दुरुस्तीला दोन आठवडे गेले, पण एकही खाट उघडी राहिली नाही.

साहेबांनी या सगळ्याचं श्रेय ढगाला दिलं. ढगवाल्यांनी दादांना आपल्या समारंभात बोलावून व्यासपीठावर उभं केलं. दादांनी खरं ते सांगून टाकलं, "मला हे एका बाईंनी शिकवलं, चष्म्याच्या दुकानावर." सभागृह खो खो हसलं. असा विनोदी आणि विनम्र व्यवस्थापक आमच्याच कोर्समधून घडतो, असं संचालकांनी लगेच माइकवर सांगितलं. पुढच्या तुकडीच्या जागा त्याच संध्याकाळी भरल्या.

दादा ओशाळून बाईंकडे गेले. सगळं ऐकून बाई म्हणाल्या, "बरं झालं. माझ्याकडे सहाच खुर्च्या आहेत."

दादांनी त्यातली एक ओढून घेतली.