जीपचं लटपटणं आणि आबांचा ओळंबा

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गवंडीकाम सोडलं तेव्हा थापी आणि रंधा माळ्यावर टाकला. भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा ओळंबा मात्र चुलतभावाला दिला. पितळेचा, मुठीत मावणारा, दोरीच्या जागी झिजून गुळगुळीत झालेला. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ज्यांनी भिंती बांधून मला शिकवलं त्यांच्याकडून एखादी वस्तू न मिळाल्याचं दुःख करावं, हे मला तेव्हाही शोभत नव्हतं. तरी ते होतं.

चुलतभाऊ माझ्याच वयाचा. दहावी नापास झाल्यावर दोन वर्षं आबांच्या हाताखाली विटा रचल्या, मग कन्हेरीच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात लागला. तोही त्यांना आबाच म्हणायचा. सुट्टीत घरी आलो की त्या दोघांचं बोलणं चाललेलं असायचं, ग्रीस, क्लच, ब्रेकचं तेल. मी आत गेलो की आबा म्हणायचे, "अभ्यास बरा हाय न्हवं?" आणि पुन्हा क्लचवर यायचे.

आबांनी जुनी जीप घेतली होती. शेळगाव ते इंदापूर माणसं वाहायचे. वडाप म्हणतात आमच्याकडे. कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांनी कच्च्या रस्त्यांना खोल चाकोऱ्या पडतात. मधला उंचवटा जीपच्या पोटाला घासतो. म्हणून हंगामाच्या तोंडावर वडापवाले जीप उंच करून घेतात. कमानीत, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, जादा पाटा घालायचा, आणि कमान जिथं चौकटीला टांगते तिथल्या कड्या लांब करायच्या. आबांची जीप चुलतभावानं उंच केली.

दिवाळीत मी घरी आलो आणि आबा म्हणाले, "पोट घासायचं थांबलं, पर जरा पळवली की स्टेरिंग लटपटतंय. हातातनं सुटंल असं."

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. त्याचं काम चुकलं होतं, आणि ते आबा मला सांगत होते.

मला आबांच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं: शिकवल्याचं चीज झालं. एवढ्या वर्षांत ते कधी म्हणाले नव्हते. मी पुण्याला जाऊन पुस्तक काढलं. चाक ज्या खुंटीवर वळतं तिचा माथा थोडा मागे कललेला हवा, तर चाक आपोआप सरळ राहतं. पुढच्या कड्या लांब केल्यामुळं एक्सल पुढे झुकला होता आणि तो कल गेला होता. उपायही दिलेला होता. एक्सल आणि कमान यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालायची. वर्कशॉपमध्ये विनवण्या करून मी दोन पाचरी तासून घेतल्या. आकृतीत जाड बाजू मागे होती. मी ती डोळे मिटून पाठ केली.

पुढच्या सुट्टीत चुलतभाऊ गॅरेजात आहे हे बघूनच मी जीप अंगणात घेतली. आबा पाने देत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या हाताखाली होते. संध्याकाळच्या आत बोल्ट आवळले.

"बसा आबा, आता सोन्यासारखी चालंल."

पाटाच्या रस्त्यावर जीप जरा वेगात आली आणि स्टिअरिंगनं आबांचे दोन्ही हात झटकले. जीप एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि पाटाच्या भरावाला चाक लावून थांबली. आबांचा अंगठा मुरगळला होता. ते रागावले नाहीत. रुमाल गुंडाळत म्हणाले, "त्याला बोलाव."

दुसऱ्या दिवशी तो सायकलवर आला. "जयभीम इंजिनियर! जीपला पाटात पवायला शिकवली म्हणं?"

"तू लटपटायला शिकवलीस, मी पुढचं शिकवलं."

तो हसला. मला हसू आलं नाही.

त्यानं पुढचं चाक काढलं, एक्सलखाली लाकडी ठोकळे लावले, आणि खिशातून ओळंबा काढला. चाकाच्या खुंटीच्या वरच्या टोपीवर दोरी धरून तो ओळंबा स्थिर होईपर्यंत थांबला. अगदी आबांसारखा, श्वास रोखून. खालच्या टोपीच्या मागे पडायला हवी ती दोरी बोटभर पुढे पडत होती. मग तो आडवा होऊन आत बघत राहिला. मीही वाकलो, आणि तेव्हा मला दिसलं. पुस्तकातल्या आकृतीत कमान एक्सलच्या वर होती. आमच्या जीपची कमान एक्सलच्या खाली होती. वरची पाचर खाली घालताना उलटी करायला हवी होती. कल आणण्याऐवजी मी उरलासुरला घालवला होता.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. आबा चार हातांवर खाटेवर बसले होते, अंगठ्याला हळद लावून.

"काय रं, काय सापडलं?" आबांनी विचारलं.

"माझंच चुकलंय आबा. कड्या लांब केल्या पर एक्सलचं बघितलंच न्हाय. ह्यानं पाचर आणली म्हणून कळलं. पाचर बराबर हाय, बोल्ट ढिलं ऱ्हायल्यात, खोलून आवळतो."

बोल्ट ढिले नव्हते. ते मी आवळले होते. मला एवढंच म्हणायचं होतं की आबा, पाचर मी उलटी घातली. मी पाना उचलून त्याच्या हातात दिला.

त्यानं पाचरी काढल्या, फिरवल्या, बसवल्या. दोन्ही बाजूंना पुन्हा ओळंबा धरला. दोरी मागे पडली. आबांनी दुखऱ्या हातानंच जीप पाटाच्या रस्त्यावरून सुसाट नेली आणि परत आणली. येताना त्यांनी स्टिअरिंगवर एकच बोट ठेवलं होतं, आम्हाला दिसावं म्हणून.

"शिकवल्याचं चीज झालं," ते मला म्हणाले. मग चुलतभावाकडं वळले, "बघ, पुस्तकात असतंय सगळं. तो ओळंबा दे ह्याला. पुण्यात कामाला यील."

चुलतभाऊ दोरी गुंडाळत होता. गुंडाळताना त्याचा हात थांबला, तेवढाच. मग त्यानं ओळंबा माझ्यापुढे धरला. "घे की इंजिनियर."

मी घेतला.

पुढं कित्येक महिने आबा वडापमधल्या माणसांना एका बोटानं स्टिअरिंग फिरवून दाखवायचे, आमच्या इंजिनियरनं केलं म्हणून. चुलतभाऊ शेजारी बसलेला असला तर मान डोलवायचा. त्या मान डोलवण्याचाही मला हेवा वाटायचा. एवढं देऊन टाकायला काय लागतं ते मला कुठल्या वर्कशॉपात शिकवलं नव्हतं.

त्यानं बारामतीच्या बाजारातून दुसरा ओळंबा घेतला. लोखंडी, नवा. आबांचा माझ्या टेबलाच्या खणात आहे. इतक्या वर्षांत मी तो कशालाही लावून बघितलेला नाही.