तानूबाईंचं चिपटं-मापटं

तानूबाई पोरं धान्याच्या मापानं मोजत. माण तालुक्यातल्या आमच्या गावात त्या बालवाडी चालवायच्या. मी शेजारच्या शाळेत पहिलीचा मास्तर. चित्रांचं पुस्तक उलटं धरणारं पोर चिपटं, म्हणजे पाव शेर. सुलटं धरलं की मापटं, अर्धा शेर. चित्रावर बोट ठेवून मनानंच गोष्ट 'वाचू' लागलं की शेर.

"आणि चार शेरांची पायली?" मी विचारलं.

"पायली तुमी करायची, मास्तर. पगार कशाचा घेता?"

बाजारात किलोची मापं आली, बाईंचं मात्र जुनंच चाललं. त्यांची लाडकी शेर म्हणजे पाच वर्षांची बायना. गुळाचा कागद मिळाला तरी ती त्यावर बोट फिरवत मुंबईला असलेल्या बापाची खुशाली वाचायची, रोज नवी. "लय खोटं वाचती, पर झ्याक वाचती," बाई कौतुकानं म्हणायच्या.

मग साताऱ्याहून तपासणीला साहेब आले. मुलांची प्रगती मोजायची, ती नसेल तर बालवाडी बंद. त्यांनी कोऱ्या पाट्या वाटल्या आणि 'ग' काढायला सांगितला. आमच्याकडे टंचाई पावसाची, धुळीची नाही. बाईंची पोरं अक्षरं धुळीतच गिरवायची. सगळी अंगणात पळाली, पाटीवर मूठभर माती पसरून बोटानं सुरेख 'ग' काढून घेऊन आली. साहेब स्वच्छतेचे भोक्ते. त्यांनी आधी पाट्या पुसायला लावल्या, मग त्यांवर काय लिहिलंय ते तपासलं. प्रगती शून्य.

"आवं सायेब, आत्ताच तर हुतं की!"

साहेबांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. "मुळाक्षरं तोंडपाठ पाहिजेत," एवढं सांगून गेले.

बालवाडी बंद झाली तर पोरं मेंढरांमागं जाणार, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी चित्रांची पुस्तकं ट्रंकेत टाकली आणि छडी उचलली. साहेब परत आले तेव्हा पोरांनी अ ते ज्ञ एका दमात म्हणून दाखवलं. साहेब इतके खूश झाले, की दहिवडीला सभा भरवून बाईंना नारळ आणि पेढे दिले. बालवाडी वाचली.

पेढे पोरांना वाटून झाल्यावर बाईंनी पुड्याचा कागद बायनापुढं धरला. "वाच की गं. बा काय म्हनतो?"

बायनानं हाताची घडी घातली आणि सुरू केलं, "अ, आ, इ, ई..."

बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, माप भरलं. आतलं कुटं गेलं?"

माझी बदली होईपर्यंत बालवाडी सुखरूप चालली. बाईंनी कुणा पोराला चिपटं किंवा मापटं म्हटलेलं मात्र मी पुन्हा ऐकलं नाही.