उत्तरं मीच देत होते

‘एपिलेप्सी,’ नांदेडचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे मेंदूच्या आजारानं येणाऱ्या फिट्स. नातू सुजात तीन वर्षांचा. सिरप दोन वेळा, एकही वेळ चुकवायची नाही. डॉक्टर सांगत होते माझ्या सुनेला, प्रज्ञाला. मान मी हलवत होते. लोह्यात आमच्या घरी कुणालाही काही विचारा, उत्तर माझ्याकडूनच येतं.

फिट्स थांबेनात. डोस वाढला, पुन्हा वाढला. दर खेपेला लेकराचं वजन केलं.

‘औषध वेळेवर देता ना?’

‘देतो की, अगदी टायमावर!’ हेही मीच. देणार प्रज्ञा, सांगणार मी. ती वाळत चालली होती, भिंतीकडं तोंड करून पडायची. मी त्याला आळस म्हणत होते.

शेवटी लातूर गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ड्रग लेव्हल केली, म्हणजे रक्तात औषध किती उतरलंय ते पाहिलं. जवळजवळ नव्हतंच.

‘मोरीत ओततीस का गं?’ मी तिथंच ओरडले.

‘आजी, तुम्ही बाहेर बसा.’

बसले. म्हणजे दाराला कान लावून उभी राहिले.

‘बाटली हातात घेते अन् आधी दिलं का न्हाई तेच आठवत न्हाई, मॅडम,’ प्रज्ञा रडत होती. ‘दोनदा गेलं तर लेकरू मरंल, म्हणून तशीच ठेवते. लई दिवस झाले, झोपच न्हाई.’

‘घरी सांगितलं नाही?’

‘आईंला? त्या बोलू देतेत व्हय?’

डिप्रेशन. मनाचा आजार, झोप, भूक, आठवण सगळं खातो. आई बरी झाल्याशिवाय लेकराचं औषध लागू पडणार नाही, बाईंनी मला बजावलं.

संताप आजही जात नाही. इतक्या खेपा झाल्या, इतके कागद रंगले. तिला झोप लागते का, हे एकानंही विचारलं नाही. लेक तर म्हणाला, ‘डोक्याच्या गोळ्या? लोक काय म्हणतील?’

‘लोक येणार हायत का सिरप पाजायला? तू पाज!’

आता सकाळी तो पाजतो, संध्याकाळी मी, अन् कॅलेंडरवर खूण करतो. प्रज्ञा तिच्या गोळ्या घेते. बायांनो, लेकराची फाईल नेताना त्याच्या आईकडंही बघा. मी बघितलं नाही.

परवा बाईंनी विचारलं, ‘शेवटची फिट कधी?’

माझं तोंड उघडलंच होतं. मिटलं.

‘चार महिने झाले, मॅडम,’ प्रज्ञा म्हणाली. ‘एकबी न्हाई.’